चूल ज्याची त्याची, दार सगळ्यांचं : चीनच्या मातीच्या गोल घरांत जाताना

माझं माहेर गोव्यातल्या म्हार्दोळचं. घराला राजांगण, चारी बाजूंनी सोपे, मधोमध तुळस. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा त्या घरात एकच चूल होती आणि दुपारी तीन पंगती उठायच्या. मी दहावीला गेले त्या वर्षी थोरल्या काकांची चूल वेगळी झाली. पुढच्या पाच वर्षांत आणखी दोन झाल्या आणि एका उन्हाळ्यात राजांगणात चिऱ्यांची भिंत उभी राहिली. तुळस भिंतीच्या एका बाजूला राहिली, विहीर दुसऱ्या. भांडण कशावरून झालं होतं ते आता कोणालाच नीट आठवत नाही. भिंत मात्र आहे.

त्यामुळे चीनमधल्या मातीच्या गोल घराचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याचा आकार पाहिला नाही, मला प्रश्न पडला तो चुलींचा. एका छपराखाली शेकडो माणसं राहायची, तर त्यांच्या चुली किती? हे बघायला जायचं असं तेव्हाच मनात धरलं होतं. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, २०२४ च्या नोव्हेंबरात, मी, माझे यजमान आणि लिस्बनला असणारा पुतण्या असे तिघे जाऊन आलो. तेव्हापासून वाळपईत आणि माहेरी भेटेल तो विचारतो, कसे गेलात, कुठे राहिलात, खाल्लंत काय. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या घरांना थुलौ म्हणतात. थू म्हणजे माती आणि लौ म्हणजे माड्या असलेलं घर. तैवानच्या समोर, चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर फूजियान प्रांत आहे. त्याच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत, योंगदिंग, नानजिंग आणि ह्वाआन या भागांत ही घरं विखुरली आहेत. २००८ साली युनेस्कोने त्यातली ४६ जागतिक वारसा यादीत घेतली. ती पंधराव्या ते विसाव्या शतकापर्यंत बांधलेली आहेत. बरीचशी हाक्का लोकांची, काही मिननान म्हणजे दक्षिण फूजियानच्या लोकांची. हाक्का या शब्दाचा अर्थ पाहुणी कुटुंबं. उत्तरेकडून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेले हे लोक. सुपीक सपाट जमीन आधीच दुसऱ्यांकडे होती, म्हणून ते डोंगरात शिरले आणि डाकूंच्या भीतीने एका कुळाने एकच किल्ल्यासारखं घर बांधावं अशी रीत पडली. आपल्याकडे गाड्यावर मिळणाऱ्या हक्का नूडल्सचं नाव कोलकात्यात येऊन वसलेल्या याच लोकांवरून पडलं. फूजियानात मात्र त्या नावाने काही मागू नका, कोणाला कळणार नाही.

कधी जावं, हे आधी ठरवा. मे-जूनमध्ये पाऊस, जुलै ते सप्टेंबर उकाडा आणि वादळं. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा तिथल्या राष्ट्रीय सुट्टीचा असतो, त्या दिवसांत जाऊ नका, माणसांच्या पाठीच दिसतील. चिनी नववर्षाच्या दिवसांतही गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर उत्तम. हवा कोरडी असते आणि सुपं-परड्यांतून वाळवणं पडलेली असतात. रात्री मात्र थंडी वाजते. आपल्याला गोव्यात स्वेटरची सवय नाही, तरी एक जाड आणि एक पातळ असे दोन घ्या.

व्हिसा मुंबईतून होतो. ऑनलाइन अर्ज, फोटो, जाण्या-येण्याची तिकिटं, राहण्याचं आरक्षण, बँकेचा तपशील हे सगळं लागतं. प्रत्येक रात्री कुठे राहणार ते अर्जात स्पष्ट लिहा. गोव्यात बऱ्याच घरांत एखादा तरी पोर्तुगीज पासपोर्टवाला असतो, त्याच्यासाठी सांगते: पोर्तुगालच्या नागरिकांना चीनने १५ ऑक्टोबर २०२४ पासून थोड्या दिवसांच्या प्रवासाला व्हिसाची सूट दिली. माझ्या पुतण्याने तिकीट काढलं आणि आला. आम्ही दोघं मात्र कागद गोळा करत होतो. ही सूट ठरावीक मुदतीची असते, म्हणून निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा भारतातून चीनला थेट विमान नव्हतं. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून बंगळुरू, तिथून सिंगापूर, सिंगापूरहून फूजियानच्या किनाऱ्यावरचं शहर शियामेन असे गेलो. आता २०२५ च्या ऑक्टोबरपासून कोलकाता ते ग्वांगझौ विमान पुन्हा सुरू झालं आहे आणि ग्वांगझौहून शियामेनला वेगवान रेल्वे आहे. तरी साठीच्या माणसांना मी सिंगापूरचाच रस्ता सुचवीन. शियामेनला थेट उतरता येतं आणि सामान घेऊन स्टेशनं बदलावी लागत नाहीत. शियामेनमध्ये एक दिवस थांबा, झोप पुरी करा. समोरच्या गुलांग्यू बेटावर जुनी परदेशी वकिलातींची आणि व्यापाऱ्यांची घरं आहेत, गाड्यांना तिथे बंदी आहे. आपल्याला पणजीतल्या फोंतेन्यशच्या गल्ल्या आठवतील. पण फार रमू नका, पुढे जायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्या स्टेशनवर उतरायचं त्याचं नाव नानजिंग. चीनमध्ये नानजिंग नावाचं एक फार मोठं शहरही आहे, शेकडो किलोमीटर उत्तरेला, जियांगसू प्रांतात. रोमन लिपीत दोन्ही नावं अगदी सारखी दिसतात. आमची तिकिटं एका प्रवास कंपनीने काढून दिली होती आणि ती त्या मोठ्या शहराची होती. आदल्या रात्री पुतण्याने प्रवासाचे तास वाचले म्हणून कळलं. आपल्या नानजिंगला शियामेनहून पाऊण तासाच्या आसपास लागतो, तिकिटावर त्याहून कितीतरी जास्त तास दिसले तर ते दुसरं गाव. चिनी लिपीत पहिलं अक्षर दोन्हीकडे एकच, दुसरं वेगळं आहे. बोलताना मोठ्या शहराचं 'जिंग' सपाट सुरात म्हणतात, आपल्याचं 'जिंग' वरून खाली पडतं. आरक्षण करताना प्रांत फूजियान आणि जिल्हा झांगझौ आहे ना, एवढं पाहिलं की झालं. रेल्वेत वेगळं कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. परदेशी पासपोर्ट बहुतेक वेळा आपोआप उघडणाऱ्या फाटकात चालत नाही, कडेला माणूस बसलेला असतो, सरळ त्याच्याकडे जा.

पैशांचं आणि फोनचं घरीच उरका. तिथे भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. अलीपे हे अॅप इथूनच उतरवून घ्या, त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय चालणारं कार्ड जोडा आणि ओळख पटवून ठेवा. तरीही दहा-वीस युआनच्या थोड्या नोटा खिशात असू द्या, डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्याच बऱ्या पडतात. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या जाळ्यावर चालत नाहीत. आपल्या सिमवर रोमिंग घेतलं तर चालतात, म्हणून निदान एका फोनवर ते घ्या. भाषांतराचं अॅप इंटरनेटशिवाय चालेल असं आधीच उतरवून ठेवा. पॉवर बँक नेत असाल तर २०२५ च्या जूनअखेरपासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत त्यांच्या प्रमाणपत्राची खूण नसलेली चालत नाही. रेल्वेने फिरलात तर हा प्रश्न येत नाही.

नानजिंग स्टेशनबाहेर बसगाड्या असतात, एका दिवसात दोन-तीन घरं दाखवून परत आणणाऱ्या सहलीही असतात. त्या सहली घेऊ नका. त्यात घराच्या दारात उतरवतात, मधल्या चौकात उभं करून गोल आकाशाचा फोटो काढायला लावतात आणि चहाच्या दुकानात नेतात. ज्यासाठी एवढ्या लांब आलात ते संध्याकाळी पाचनंतर सुरू होतं, गाड्या निघून गेल्यावर. तिघे-चौघे असाल तर तीन दिवसांसाठी गाडी ठरवा आणि दोन रात्री डोंगरात काढा. आम्ही घेतला तो क्रम असा होता: पहिल्या दिवशी तियानलुओकेंग, युचांग लौ आणि रात्री ताश्या गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी गाओबेई गावातलं चेंगची लौ, मग होंगकेंग आणि तिथे एका लहान थुलौमध्येच रात्र. तिसऱ्या दिवशी चूशी गाव करून लोंगयान स्टेशन गाठलं. तिथून शियामेन तासाभराचं आहे. प्रत्येक गावसमूहाचं तिकीट वेगळं असतं, एकाचं दुसरीकडे चालत नाही.

तियानलुओकेंगला आधी वरच्या सज्जावरून खाली बघायचं. डोंगराच्या उतारावर मधे एक चौकोनी घर आणि भोवती चार: तीन गोल, एक लांबट. तिथले लोक त्याला 'चार पदार्थ आणि एक सूप' म्हणतात. सगळ्यात जुनं मधलं चौकोनी, १७९६ सालचं. १९३६ मध्ये डाकूंनी ते जाळलं, पुढे १९५०च्या दशकात ते पुन्हा बांधलं गेलं. लांबट घर तर १९६६ चं आहे. तेव्हा मी दोन वर्षांची होते. फार प्राचीन काहीतरी बघायला आलोय अशा भावनेने मी उभी होते आणि लक्षात आलं की आमच्या घरात राजांगण नांदतं होतं तेव्हा हे लोक असं घर नव्याने बांधत होते.

वरून बघून झालं की खाली उतरा आणि कुठल्याही घरात शिरल्यावर मान वर करू नका. सगळे पहिल्यांदा आभाळ बघतात. तुम्ही तळमजला बघा. गोलात ओळीने लहान लहान दारं दिसतील, प्रत्येक दाराशी एक चूल, एक मोरी, एक लाकडांची रास. तीच त्या घरातली स्वयंपाकघरं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभं होतं. जितकी कुटुंबं तितक्या चुली, आणि त्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या. कोणी रुसून वेगळी मांडलेली नाही.

तळमजला पहिला धरला तर दुसऱ्या मजल्यावर धान्याची कोठारं, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. एका कुटुंबाकडे खालपासून वरपर्यंतची उभी फोड असते: खाली चूल, तिच्यावर धान्य, धान्याच्या वर बिछाने. कुटुंब मोठं असेल तर दोन फोडी. सगळ्या खोल्या एका मापाच्या. थोरल्या भावाची मोठी, धाकट्याची अंधारी असं नाही. गोल घराला कोपराच नसतो, त्यामुळे वाईट खोली कोणाच्या वाट्याला येत नाही. आमच्या माहेरच्या वाटणीत पहिली ठिणगी पडली ती पूर्वेच्या खोलीवरून, हे मला त्या गोल व्हरांड्यात उभं असताना आठवलं आणि काही वेळ मी यजमानांशी बोलू शकले नाही.

जे सगळ्यांचं ते मधे. बहुतेक घरांत चौकात किंवा दाराच्या अगदी समोर पूर्वजांचं दालन असतं. लग्न तिथे, मयताचे विधी तिथे, कुळाची बैठक तिथे. विहीर सगळ्यांची, दार सगळ्यांचं. आपल्या जुन्या गावकरीत जमीन गावाची आणि घर ज्याचं त्याचं असे, त्या रीतीशी हे बरंच जुळतं. म्हणून गोव्याच्या माणसाला ही व्यवस्था लवकर उमगते असं मला वाटतं.

पण सगळी घरं एका साच्याची नाहीत आणि हा फरक शोधत फिरण्यातच खरी गंमत आहे. युचांग लौ पाच मजली आहे, बांधणीचं साल १३०८ सांगतात. त्याचे वरच्या मजल्यांचे खांब एका बाजूला कलले आहेत, मग दुसऱ्या बाजूला, काही चांगले पंधरा अंशांपर्यंत. बघून छातीत धस्स होतं, पण घर शतकानुशतकं उभं आहे. सगळे त्या खांबांचे फोटो काढत होते. तुम्ही स्वयंपाकघरात डोकावा. तिथे चुलीशेजारी जमिनीत छोटी विहीर आहे, प्रत्येक स्वयंपाकघराची आपली. एका बाईने आम्हाला झाकण काढून दाखवलं, वाकून हाताने पाणी घेता येईल इतकं ते वर होतं. आमची विहीर भिंतीपलीकडे गेली तेव्हा आईने दोन वर्षं शेजारून पाणी आणलं. इथे बांधतानाच कोणीतरी हा विचार केला होता.

चूशीतलं जिचिंग लौ १४१९ सालचं आहे. इतर गोल घरांत चार-पाच सामाईक जिने असतात आणि मजल्यावर पोचल्यावर गोल व्हरांड्यातून सगळ्यांच्या दारांवरून जावं लागतं. या घरात ७२ जिने आहेत. म्हणजे प्रत्येकाचा जिना आपल्याच दारातून वर जातो, शेजाऱ्याच्या खोलीवरून जायला नको. दोन्ही प्रकारची घरं एकाच प्रवासात बघा आणि तुम्ही कुठल्या घरात सून म्हणून नांदला असता याचा विचार करा. मी जिचिंग लौ निवडलं असतं. यजमान म्हणाले, सामाईक व्हरांड्याचं, कारण आजारी माणसाच्या दारावरून दिवसातून दहा जण जातात. लोंगयानपर्यंत गाडीत आम्ही हाच विषय बोलत होतो.

चेंगची लौ हे त्या सगळ्या घरांतलं आकाराने थोरलं. १७०९ मध्ये पूर्ण झालं, जियांग कुळाचं. कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकात एक वर्तुळं, आणि केंद्रात पूर्वजांचं दालन. बाहेरचं वर्तुळ चार मजली, प्रत्येक मजल्यावर ७२ खोल्या, म्हणजे त्या एका वर्तुळातच २८८. १९८६ साली चीनने त्याचं चित्र एक युआनच्या टपाल तिकिटावर छापलं. इथे गर्दी फार असते. सकाळी दार उघडल्या उघडल्या जा, किंवा संध्याकाळी शेवटी. वर्तुळांमधल्या बोळातून एक पूर्ण फेरी मारा, चौकात थांबू नका. बोळात तुम्हाला आजही भाजी निवडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या आजीबाई दिसतील. होंगकेंगमधलं झेनचेंग लौ १९१२ चं, तंबाखू कापायच्या सुऱ्या करून श्रीमंत झालेल्या लिन कुळाचं. आठ भाग, मधे आगीला अडवणाऱ्या भिंती, आतलं दालन पाश्चात्य खांबांचं. ते देखणं आहे, पण मला त्यात घर कमी आणि वाडा जास्त वाटला. तिथे अर्धा तास पुरे.

भिंतींसाठी मात्र वेळ काढा. माझ्या आजोळी, सत्तरी तालुक्यात, मातीच्या भिंती होत्या. पावसाळ्याआधी त्यांना विणलेली चुडतं बांधायचो, नाहीतर श्रावणापर्यंत भिंतीला पोट सुटायचं. इथल्या भिंती तळाशी मीटर-दीड मीटर जाड आणि चार मजले उंच. बाहेरून जवळ जाऊन तिरक्या उन्हात बघा, आडव्या रेघा दिसतील. लाकडी साच्यात माती भरायची, मुसळासारख्या दांड्याने ठोकायची, साचा पुढे सरकवायचा, असा एकेक थर चढवलेला आहे. मातीत चुना, वाळू, कुठे चिकट भाताची पेज आणि गूळही घालत. आत बांबूच्या पट्ट्या घातलेल्या असतात, आज काँक्रीटमध्ये सळ्या घालतात तसं. पाया दगडांचा, म्हणून जमिनीची ओल वर चढत नाही. छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडेल इतके वळचणीचे पाखे बाहेर काढलेले आहेत. खालच्या दोन मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडकी नाही. आणि मुख्य दारात उभं राहून वर बघायचं विसरू नका: लोखंडी पत्रा ठोकलेल्या जाड दाराच्या डोक्यावर काही घरांत पाणी ओतायची सोय आहे. शत्रूने दाराला आग लावली तर वरून पाण्याचा पडदा सोडायचा.

माडीवर जायला बऱ्याच घरांत मनाई आहे, तसं लिहिलेलं असतं. तरी एखादी बाई पाच-दहा युआनला वर नेते म्हणते. पाटी असेल तिथे जाऊ नका. लाकडाचे व्हरांडे जुने आहेत आणि वर लोक झोपतात. वर जायचा सरळ मार्ग म्हणजे तिथे रात्र काढणं.

राहण्याचं आरक्षण करताना दोन गोष्टी लेखी विचारा: परदेशी पासपोर्ट घेता का, आणि संडास कुठे आहे. चीनमध्ये परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतः करतात, घरगुती जागेत ती झाली आहे ना हे तुम्ही विचारा. संडासाचं म्हणाल तर या घरांत तो आत नसायचाच, बाहेर असायचा. आमच्या घरात तळमजल्यावर एक नवा केला होता, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. रात्री उठायची सवय असेल तर विजेरी उशाशी ठेवा आणि शक्य झाल्यास दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा. गुडघे दुखणाऱ्यांना जिने उभे वाटतील. पावलांना आवाज न करणारी कापडी चप्पल न्या, कारण एका माणसाचं चालणं सगळ्या मजल्याला ऐकू येतं. आणखी एक: सगळी दारं सारखी, गोलाला सुरुवात नाही, शेवट नाही. आपल्या खोलीसमोरच्या कठड्याला एक रुमाल बांधून ठेवा. पुतण्या पहिल्या रात्री दोन वेळा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

मुख्य दार रात्री बंद होतं. किती वाजता ते आल्या आल्या विचारा. आमच्या घरचं नऊला बंद झालं. एक म्हातारा गृहस्थ आडणा सरकवून आला आणि त्यानंतर जे ऐकू येऊ लागलं त्यासाठी मी तुम्हाला तिथे पाठवते आहे. एका चुलीवर भांडी घासण्याचा आवाज, वर कोणी खोकलं, खाली टीव्ही, समोरच्या मजल्यावरून एक बाई काहीतरी बोलली आणि दुसरीने आपल्या दारातून उत्तर दिलं. भिंती गोल असल्याने हळू बोलणंही फिरत फिरत येतं. आता या घरांत मुलं-नातवंडं फारशी नसतात. ती शियामेनला, ग्वांगझौला कामाला गेली आहेत. आमच्या घरात चौदा माणसं होती, चुली पेटत होत्या सहा. बाकी दारांना कुलुपं. आमच्या सोप्यावरही आता दोन म्हातारे काका बसतात, त्यामुळे ती कुलुपं मला परकी वाटली नाहीत.

जेवणाचं लिहिते. मांस-मासे खाणाऱ्याला काही अडचण नाही. डुकराचं मांस सगळीकडे आहे: वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यावर वाफवलेली चरबीची कापं, मांसाचा खिमा भरलेला टोफू. मी सोमवार पाळते आणि आमचा मुक्काम नेमका सोमवारी होता. तिथे जेवणाच्या खोलीत भाज्या टोपल्यांत मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं आणि ते परतून देतात. पण डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'वनस्पती तेलात करा, मांस नको, मांसाचं सूप नको' हे तीनही वेगवेगळं, चिनी अक्षरांत फोनवर लिहून दाखवा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर वरचं मांस काढून देतात. भात, टोफू, पालेभाज्या, अळकुड्या आणि बांबूचे कोंब मिळाले. कोंब म्हणजे आपले किल्ल, चव अगदी घरची. योंगदिंगचा वाळवलेला पाला त्या भागात प्रसिद्ध आहे. मोहरीची पानं वाफवून उन्हात टाकायची, पुन्हा वाफवायची, पुन्हा उन्हात, ती काळी होईपर्यंत. आमच्या आज्या पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या त्याच जातीचं हे काम. एक जुडी घेऊन आले, खोबरं घालून केली, वाईट लागली नाही. चहा मात्र दूध-साखरेशिवाय, चिमुकल्या पेल्यांत, आणि पेला रिकामा ठेवला की ते भरतच राहतात. पुरे झालं की पेला भरलेलाच राहू द्या.

भाषांतराच्या अॅपवर फार विसंबू नका. आम्ही राहिलो तिथली आजी हाक्का बोलायची. अॅप मँडरिन बोलायचं, ते तिला धड कळत नव्हतं. मग तिची सून मधे आली: मी मराठीतून फोनला, फोन सुनेला, सून आजीला. मी विचारलं, एवढ्या बायका एकाच चौकात, भांडणं व्हायची का? आजी हसली आणि बराच वेळ बोलली. सुनेने फोनमध्ये एवढंच सांगितलं: व्हायची, पण प्रत्येकीला आपल्या चुलीकडे परत जाता यायचं.

कोणाच्या घरात जाताना हात रिकामा नको. गोव्याहून भाजलेले, पाकीटबंद काजू न्या. ताजी फळं, भाज्या, बियाणं चीनमध्ये नेऊ देत नाहीत, आंबा-फणसाचा विचार करू नका. वस्तू देताना दोन्ही हातांनी द्या. उंबरठ्यावर पाय ठेवू नका, ओलांडून जा, हे आपल्याला सांगायला नको. पूर्वजांच्या दालनात फोटोआधी विचारा. माणसांचा फोटो काढण्याआधी तर नक्कीच विचारा. ते घरच्या कपड्यांत, घरच्या कामात असतात आणि दिवसभर अनोळखी लोक त्यांच्या चुलीवरून कॅमेरे फिरवत असतात.

निघायच्या दिवशी घाई ठेवू नका. मुख्य दार पहाटे उघडतं, ते उघडताना खाली हजर असा. आम्ही सामान घेऊन उतरलो तेव्हा आजी चुलीपाशी होती. मी दिलेलं काजूचं पाकीट तिने रात्री फोडलं नव्हतं. ती ते घेऊन चौकातल्या दालनात गेली, पूर्वजांपुढे ठेवलं, उदबत्ती लावली, मग परत आणून फोडलं आणि सात वाट्यांत वाटून सहा पेटलेल्या चुलींपुढे एकेक ठेवून आली. सातवी वाटी आमच्या हातात दिली. चूशीचा रस्ता वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर ते काजू थोडेच खा.